ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक मारणारा पहिला आशियाई फुटबॉलपटू मुंबईतून गेला होता, तरी आपल्याला त्याचं नाव माहीत नाही

नाशिकच्या माणसाला बापू नाडकर्णी कोण हे सांगावं लागत नाही. ४ एप्रिल १९३३ ला नाशिकमध्ये जन्म, १९५५ मध्ये दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध कसोटी पदार्पण आणि १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ निर्धाव षटकं. त्या डावात त्यांनी ३२ षटकं टाकली आणि दिल्या फक्त ५ धावा. साठ वर्षं होऊन गेली तरी क्विझमध्ये हा प्रश्न येतोच येतो.

बापूंच्या जन्माच्या नऊ महिने आधी, ३ जुलै १९३२ ला, गोव्यात बार्देश तालुक्यातल्या आसगावला एक मुलगा जन्मला. तोही पुढे मुंबईच्या मैदानांवर मोठा झाला. बापू एसीसी सिमेंटमध्ये नोकरी करत खेळायचे, तसा हाही कंपनीच्या संघातून खेळायचा. बापू कसोटीपटू झाले त्याच्या पुढच्याच वर्षी हा ऑलिंपिकला गेला. तिथं त्याने एका सामन्यात तीन गोल मारले, भारताला सेमीफायनलला नेलं आणि स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर येऊन बसला.

त्याचं नाव नेव्हिल डिसूझा. आणि हे नाव क्विझमध्ये सहसा येत नाही.

भारताच्या पुरुष फुटबॉल संघाची ऑलिंपिकमधली सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक. त्या स्पर्धेत भारताने एकूण पाच गोल केले. त्यातले चार एकट्या नेव्हिलचे होते. मग हा माणूस विस्मरणात कसा गेला, हे समजून घ्यायचं तर सुरुवात गोव्यापासून करावी लागते.

नेव्हिल जन्मला तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तिथं शेती थोडी, नोकऱ्या त्याहून कमी. त्यामुळे बार्देश आणि सासष्टीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरत आली होती. कुणी बोटीवर खलाशी, कुणी आचारी, कुणी बँडमध्ये वाजवणारा, कुणी कारकून. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत त्यांचे क्लब होते, ज्यांना 'कूड' म्हणायचे. एकेका गावाची एकेक कूड. गावाहून आलेल्याला तिथं ट्रंक ठेवायला जागा आणि पाठ टेकायला चटई मिळायची. ही माणसं मुंबईत येताना दोन गोष्टी बरोबर घेऊन यायची, एक संगीत आणि दुसरा फुटबॉल.

मुंबईतही फुटबॉलला तेव्हा मान होता. आज कूपरेज म्हटल्यावर फार कुणाला काही आठवत नाही, पण पन्नासच्या दशकात तिथं रोव्हर्स कप म्हणजे शहराचा सण असायचा. १८९१ मध्ये ब्रिटिश पलटणींनी सुरू केलेली ही स्पर्धा देशातल्या सगळ्यात जुन्या स्पर्धांपैकी एक. कलकत्त्याचे मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग, हैदराबादचे पोलीस, सगळे इथं यायचे. याशिवाय शहराची स्वतःची हारवूड लीग होती आणि तिच्यात कंपन्यांचे संघ एकमेकांना भिडायचे. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, रेल्वे.

कंपनीचा संघ म्हणजे काय हे आजच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. तेव्हा भारतात फुटबॉलपटूला उघडपणे पगार नव्हता, कारण व्यावसायिक लीगच नव्हती. कंपनी खेळाडूला नोकरी द्यायची. तो ऑफिसात बसायचा, सरावासाठी त्याला सवलत मिळायची आणि तो कंपनीच्या नावाची जर्सी घालून खेळायचा. या व्यवस्थेत कुणी श्रीमंत झालं नाही, पण घर चालायचं. मुंबईच्या क्रिकेटलाही याच व्यवस्थेने पोसलं. पुढे क्रिकेटकडे पैसा आला, फुटबॉल मात्र बराच काळ कंपनीच्या हजेरीपटावरच राहिला.

नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबमधून खेळू लागला. जागा सेंटर फॉरवर्डची. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर, दोन-तीन बचावपटूंच्या गराड्यात उभं राहणारा माणूस. त्याच्याकडून एकच अपेक्षा असते, चेंडू आला की जाळीत गेला पाहिजे. नव्वद मिनिटांतली पंच्याऐंशी मिनिटं तो कुणाला दिसला नाही तरी चालतं. नेव्हिलला हे काम जमायचं. त्याचा धाकटा भाऊ डेरेक हासुद्धा पुढे भारताकडून खेळला.

१९५४ मध्ये मुंबईने संतोष ट्रॉफी जिंकली. संतोष ट्रॉफी म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, क्रिकेटमध्ये रणजी तशी फुटबॉलमध्ये ही. मद्रासच्या फायनलमध्ये मुंबईने सेनादलाला २-१ असं हरवलं. मुंबईचं हे पहिलंच विजेतेपद, आणि त्या संघात नेव्हिल होता.

आता या गोष्टीत दुसरा माणूस येतो, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक. हैदराबाद पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षक आणि भारतीय संघाचेही. त्यांच्या पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप मुंबईत येऊन जिंकून नेला. म्हणजे रहीमसाहेबांची कूपरेजला दरवर्षी फेरी. मुंबईतला गोल मारणारा पोरगा त्यांच्या नजरेत भरायला फार वेळ लागला नसणार.

रहीमसाहेबांच्या डोक्यावर त्या काळात एक ओझं होतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सशी २-१ असा हरला होता. त्यात दोन पेनल्टी वाया गेल्या, पण बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले म्हणून कौतुकही झालं. १९५२ ला हेलसिंकीच्या थंडीत मात्र युगोस्लाव्हियाने भारताची अब्रूच काढली. स्कोअर होता १०-१. त्यानंतर भारतात बूट घालून खेळणं सक्तीचं झालं. रहीमसाहेबांना बूट घातलेला, वेगाने पास देणारा, एकेका माणसाच्या कसरतींवर अवलंबून नसलेला संघ हवा होता.

मेलबर्नसाठी त्यांनी जो संघ नेला त्यात बंगाल आणि हैदराबादचा भरणा होता. कप्तान समर उर्फ बद्रू बॅनर्जी. उजव्या बगलेवर वीस वर्षांचा प्रदीपकुमार बॅनर्जी, जो पुढे पी. के. म्हणून देशभर गाजला. हैदराबादचा तुलसीदास बलराम त्याच वयाचा. मुंबईहून गोलरक्षक एस. एस. नारायण आणि सेंटर फॉरवर्ड नेव्हिल डिसूझा.

इथं जरा थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. १९५५ च्या ऑगस्टमध्ये गोवामुक्तीसाठी गेलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. भारताने पोर्तुगालशी संबंध तोडले, हद्द बंद झाली, नाकेबंदी सुरू झाली. मुंबईतल्या गोवेकरांना आपल्या गावी जाणं अवघड होऊन बसलं. म्हणजे १९५६ मध्ये भारताची जर्सी घालून उतरलेल्या नेव्हिलचं जन्मगाव भारताच्या नकाशात नव्हतं. ते आणखी पाच वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये आलं.

मेलबर्नमध्ये भारताची पहिली लढत हंगेरीशी ठरली होती. हंगेरी म्हणजे १९५२ चा ऑलिंपिक विजेता. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर १९५६ मध्ये हंगेरीत उठाव झाला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही. भारताला पुढे चाल मिळाली. इतरही काही देशांनी माघार घेतल्याने स्पर्धेत अकराच संघ उरले. भारताला सोपा रस्ता मिळाला असं जे म्हणतात, ते याच कारणाने. त्यात तथ्य आहेच. पण पुढचा सामना चिठ्ठीवर जिंकता येणार नव्हता. समोर यजमान ऑस्ट्रेलिया होती आणि तिने आदल्या फेरीत जपानला २-० ने हरवलं होतं.

१ डिसेंबर १९५६, शनिवार.

नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, भारत २-१. एकेचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा मॉरो, २-२. हाफटाइमपर्यंत सामना या दोघांमध्येच चालला होता म्हणायला हरकत नाही.

दुसरा हाफ सुरू होऊन पाचच मिनिटं झाली होती. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलने तिसरा गोल केला. हॅटट्रिक. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियातल्या कुठल्याही खेळाडूने तोवर हे केलं नव्हतं. ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा गोल मारून उरलीसुरली शंका मिटवली. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिंपिक फुटबॉलच्या सेमीफायनलमध्ये जाणारा भारत हा आशियातला पहिला देश ठरला.

हा विजय नशिबाचा होता का? ऑलिंपिक आटोपल्यावर याच ऑस्ट्रेलियाशी सिडनीत एक मैत्रीपूर्ण सामना झाला. तो भारताने ७-१ ने जिंकला. प्रश्न तिथंच मिटला.

सेमीफायनलला समोर कोण, तर तोच युगोस्लाव्हिया. १०-१ वाला. ४ डिसेंबरला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, म्हणजे ज्या मैदानावर आपण बॉक्सिंग डे कसोटी बघतो तिथं, हा सामना झाला. पहिल्या हाफमध्ये गोलच नाही. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेला संघ पंचेचाळीस मिनिटं तटून उभा राहिला. आणि बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल मारला. भारत १, युगोस्लाव्हिया ०.

ऑलिंपिकची फायनल, म्हणजे किमान रौप्यपदक, अडतीस मिनिटांवर होतं.

ही आघाडी टिकली दोन मिनिटं. चौपन्नाव्या मिनिटाला झ्लात्को पापेचने बरोबरी केली, सत्तावन्नाव्या मिनिटाला तोडोर वेसेलिनोविचने दुसरा गोल टाकला, पासष्टाव्या मिनिटाला पुन्हा पापेच आणि अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला भारताच्या सलामकडून चेंडू आपल्याच जाळीत गेला. ४-१. युगोस्लाव्हिया सलग तिसऱ्यांदा ऑलिंपिक फायनलला पोचला. लेव्ह याशिन ज्या संघाचा गोलरक्षक होता त्या सोव्हिएत संघाने फायनलमध्ये त्यांना १-० ने हरवलं.

भारताकडे अजून कांस्यपदकाची संधी होती. ७ डिसेंबरला बल्गेरियाशी सामना झाला आणि भारत ३-० ने हरला. मिळाला चौथा क्रमांक. मेडल नाही.

सर्वाधिक गोलांची यादी बघितली तर एक विचित्र योगायोग दिसतो. तिघांचे प्रत्येकी चार गोल होते. भारताचा नेव्हिल डिसूझा, युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा दिमितार मिलानोव्ह. वेसेलिनोविचने तीन गोल अमेरिकेला मारले होते, मिलानोव्हने तीन ब्रिटनला. दोघांचाही चौथा गोल भारताविरुद्ध आला. म्हणजे भारताची बचावफळी आणखी थोडी टिकली असती, तर या यादीत सगळ्यात वर एकटं नेव्हिलचं नाव असतं.

वेसेलिनोविचचं पुढे काय झालं? तो १९५८ चा वर्ल्डकप खेळला, परदेशी क्लबांकडून खेळला आणि नंतर प्रशिक्षक म्हणून कोलंबिया, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया अशा ठिकाणी नाव कमावलं. नेव्हिल मुंबईला परत आला.

तो परतला ती मुंबई कोणत्या मनःस्थितीत होती हे बघितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. ६ डिसेंबरला मेलबर्नमध्ये भारताच्या हॉकी संघाने फायनलमध्ये पाकिस्तानला १-० ने हरवून सलग सहावं सुवर्णपदक जिंकलं. खेळाच्या पानावर जी जागा होती ती हॉकीने घेतली, आणि त्यात गैर काही नव्हतं. पण त्याच ६ डिसेंबरला दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण झालं. ७ डिसेंबरला नेव्हिल आणि त्याचे सहकारी कांस्यपदकासाठी खेळत होते, त्या दिवशी लाखो लोक दादरच्या चौपाटीकडे बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत चालत होते. त्याआधीचं सगळं वर्ष संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलं होतं. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाले होते आणि महिनाभरापूर्वीच, १ नोव्हेंबरला, मराठी माणसाला नको असलेलं द्विभाषिक राज्य अस्तित्वात आलं होतं.

अशा डिसेंबरमध्ये चौथ्या क्रमांकावर आलेल्या फुटबॉल संघाची बातमी किती लोकांनी वाचली असेल? बघण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण भारतात टीव्ही आला १९५९ मध्ये, तोही दिल्लीत. नेव्हिलची हॅटट्रिक भारतात कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हतीच.

तरीही एवढ्यावरून विस्मरण समजत नाही. हॉकीचे गोलही त्या दिवसांत कुणी पाहिले नव्हते. खरा फरक पुढच्या वर्षांनी केला.

नेव्हिल खेळत राहिला. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स कप जिंकला, फायनलमध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगला हरवून. कूपरेजवर, घरच्या प्रेक्षकांसमोर, मुंबईतल्या एका तेल कंपनीच्या संघाने. त्या संघात नेव्हिल होता. मुंबईच्या फुटबॉलसाठी याहून मोठा दिवस क्वचितच आला असेल.

पण १९६० मध्ये रोम ऑलिंपिकचा संघ निवडला गेला तेव्हा त्यात त्याचं नाव नव्हतं. कप्तान आता पी. के. बॅनर्जी होते, पुढच्या फळीत बलराम होता आणि चुनी गोस्वामी हा नवा तारा उगवला होता. रोममध्ये भारताने फ्रान्सला १-१ असं रोखलं, पण हंगेरी आणि पेरूकडून हार पत्करली. त्यानंतर भारताचा पुरुष फुटबॉल संघ आजपर्यंत ऑलिंपिकला गेलेला नाही. १९६२ ला जाकार्तामध्ये रहीमसाहेबांच्या संघाने आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक जिंकलं. भारतीय फुटबॉलच्या आठवणीत हाच संघ कोरला गेला. पदक असलं की छायाचित्र भिंतीवर लागतं. चौथ्या क्रमांकाचं कुणी लावत नाही.

१९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले. फुटबॉलमधला पहिला मिळाला पी. के. बॅनर्जींना, दुसऱ्या वर्षीचा बलरामला. दोघेही त्याला लायक होते, त्याबद्दल वाद नाही. १९५६ च्याच संघातला गोलरक्षक पीटर थंगराज याला १९६७ मध्ये मिळाला. नेव्हिलला मिळाला नाही. त्याने ज्या सामन्यात तीन गोल मारले त्या सामन्यावर भारतीय फुटबॉल आजही अभिमान सांगतो, पण पुरस्कारांच्या यादीत तो सापडत नाही.

यात शहराचाही हात आहे. पी. के. आणि चुनी कलकत्त्याचे झाले. कलकत्त्यात फुटबॉलपटू म्हातारा झाला तरी तो मोहन बागानचा किंवा ईस्ट बंगालचा असतो. क्लबला सदस्य असतात, सदस्यांना आठवणी असतात, वर्तमानपत्रं दरवर्षी त्या उजळतात. मुंबईत नेव्हिल कुणाचा होता? टाटांचा, मग कॅल्टेक्सचा. कंपनीच्या संघाला चाहते असतात, पण वारसदार नसतात. सत्तरच्या दशकात परदेशी तेल कंपन्यांचं सरकारीकरण झालं आणि कॅल्टेक्स हे नावच भारतातल्या पंपांवरून पुसलं गेलं. ज्या संघाने रोव्हर्स कप जिंकला त्याची आठवण ठेवायला मागे संघच उरला नाही.

गोव्याचंही तसंच. तिथं साळगावकर, वास्को, पुढे धेंपो असे क्लब उभे राहिले आणि त्यांनी स्वतःचे नायक घडवले. गोव्याचा फॉर्च्युनॅटो फ्रँको तर १९६२ चं सुवर्णपदक घेऊन आला. नेव्हिल गोव्याच्या कुठल्याही क्लबचा नव्हता. गोव्याने त्याला मुंबईचा समजलं, मुंबईने गोव्याचा. आणि मराठी वर्तमानपत्रांचा खेळाचा स्तंभ तोवर वानखेडेच्या दिशेने निघाला होता.

१६ मार्च १९८० ला नेव्हिल डिसूझाचं निधन झालं. वय अवघं सत्तेचाळीस. एवढ्या वयात माणूस प्रशिक्षक होतो, निवड समितीवर बसतो, मुलाखतींमधून जुन्या आठवणी सांगतो. पी. के. २०२० पर्यंत होते, नारायण आणि बद्रू बॅनर्जी त्याच्याही नंतर गेले. या सगळ्यांनी पुढे कितीतरी वेळा मेलबर्नची गोष्ट सांगितली. ज्याने त्या गोष्टीतले चार गोल मारले, तो ती सांगायला नव्हता.

बापू नाडकर्णींच्या २१ षटकांचा हिशेब विस्डेनमध्ये आहे, क्रिकेटच्या प्रत्येक वेबसाइटवर आहे. नेव्हिलच्या चार गोलांची नोंद फिफा आणि ऑलिंपिकच्या दप्तरात सापडते, पण ती शोधायला आधी नाव माहीत असावं लागतं.

रोव्हर्स कप नव्या शतकाच्या तोंडावर बंद पडला. कूपरेजवर नंतर कृत्रिम गवत आलं. वांद्र्याला रेक्लमेशनच्या बाजूला मुंबईच्या फुटबॉल संघटनेचं एक टर्फ मैदान आहे. तिथं शहरातल्या लीगचे सामने होतात, शाळकरी पोरं संध्याकाळी बूट बांधून येतात. त्या मैदानाचं नाव आहे नेव्हिल डिसूझा फुटबॉल ग्राउंड.